तिसऱ्या चरणातली बाई

बाबांनी आईला भाकर मागितली, तेव्हा भाकर त्यांच्या ताटातच होती.

आईनं हे मला फोनवर सांगितलं आणि सांगताना ती हसत होती. दुपारची वेळ होती. लातुरात माझी एक बॅच सुटली होती, दुसरी सुरू व्हायची होती. मी तिथल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. आई-बाबा नांदेडला असतात.

"'भाकर दे की,' म्हणले," आई सांगत होती. "म्हटलं, ताटात काय हाय मग? तर म्हणले, कुठं? अगं, डाव्या अंगाला, खालीच, अख्खी ज्वारीची भाकर. मी त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला तवा दिसली."

"आणि भाजी दिसली?"

"हाव. भाजी दिसली, कांदा दिसला. भाकरच तेवढी न्हाई."

मी तिला हसू दिलं नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने म्हटलं. शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे. त्या घरातल्या वयस्कर बाईंना मी लहानपणापासून खाला म्हणते. त्यांनीच ऑटो बोलावला आणि आईबरोबर दवाखान्यात जाऊन बसल्या. मी दुसरी बॅच सोडून बस धरली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, खिडकीबाहेर तुरीची शेतं वाळून तांबूस झाली होती, आणि मी सारखी माझ्याच डोळ्यांपुढे हात धरून बघत होते की तो कुठे दिसेनासा होतो का.

मेंदूच्या मागच्या भागात छोटीशी गाठ अडकून रक्त थांबलं होतं. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. दोन्ही डोळेही चांगले होते. फक्त समोर बघताना नजरेचा खालचा डावा भाग गेला होता. त्यांनी तपासणीचा कागद दाखवला. त्यावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ, आणि डावीकडे खाली सगळं काळं.

बाबांनी कागद हातात घेतला. ते उमरी तालुक्यातल्या शाळांमध्ये आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. कागद बघून ते चक्क हसले. "तिसरा चरण गेला की," माझ्याकडे बघून म्हणाले. "दोन्ही उणे."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं, कारण मीही रोज तेच शिकवते. दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि कागदाचे चार भाग होतात. त्यांना चरण म्हणायचं. उजवीकडे वरचा पहिला, डावीकडे वरचा दुसरा, डावीकडे खालचा तिसरा, उजवीकडे खालचा चौथा. कोन मोजायचा तो उजव्या आडव्या रेघेपासून, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत. फिरून फिरून भुजा शेवटी जिथे थांबते ती अंतिम भुजा. ती कोणत्या चरणात पडली एवढं ओळखायचं. एकशे ऐंशीपासून दोनशे सत्तरपर्यंत तिसरा चरण. त्या चरणातल्या बिंदूचे दोन्ही अंक उणे असतात. मला हे दहाव्या वर्षी बाबांनीच अंगणात काडीनं रेघा मारून शिकवलं होतं.

मी आठवडाभर नांदेडला राहिले. बाबा बरे होते. जिना उतरताना डावा पाय चाचपडायचा, तेवढंच. पण तिसऱ्या की चौथ्या सकाळी, ते व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले असताना, त्यांनी डावा पाय उचलून अलगद मागे घेतला. कुणी पायाशी बसायला आलं की आपण जागा करून देतो ना, तसा. तिथे कुणी नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच.

"पाय दुखतो का, बाबा?"

"न्हाई."

"मग?"

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. आई स्वयंपाकघरात होती. "तुझ्या आईला सांगू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणीतरी बसून राहिलीय."

ऊन व्हरांड्यात अर्ध्यापर्यंत आलं होतं. समोरच्या रस्त्यावरून भाजीचा गाडा चालला होता. मी बाबांच्या पायाशी बघितलं. स्वच्छ पुसलेली फरशी.

"कोण?"

"एक बाई. लहानशी. आपल्या तांब्याएवढी उंच असंल. पाठमोरी. सूप घेऊन काहीतरी निवडून राहिली. मधूनच पाखडते." ते थांबले. "पण आवाज न्हाई येत. सूप हलतंय, दाणे उडून राहिले, आवाज न्हाई."

बाबांनी गावोगाव भुताखेतांविरुद्ध बोलून आयुष्य काढलेलं. कुणाच्या अंगात आलं की लोक त्यांना टाळायचे, कारण ते मध्येच उभं राहून प्रश्न विचारायचे. आमच्या घरात कधी अंगारा आला नाही, लिंबू-मिरची आली नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून हे सगळं उंबऱ्याबाहेर, असं बाबा सांगायचे. आणि आज तेच माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीवर नजर ठेवून म्हणत होते, "चष्म्याबिगर मला पेपर वाचता येत न्हाई. पण तिच्या लुगड्याच्या काठाचा धागान् धागा दिसून राहिला. एवढं स्पष्ट मी काहीच बघितलं न्हाई इतक्या वर्षांत."

मी त्यांना तिच्याकडे वळून बघायला सांगितलं.

"वळलो की सरकते. मी बघेन तिथून डावीकडं, खाली. सदा तिथंच. डोळे मिटले की न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर दचकले नाहीत. नजरेच्या ज्या भागातलं मेंदूला काही कळत नाही, तिथे मेंदू स्वतःच काहीतरी भरून काढतो, म्हणाले. कुणाला नक्षी दिसते, कुणाला माणसं, पुष्कळदा अशीच छोटी आणि मुकी. वेड नव्हे हे. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप जातं. लोक घाबरून सांगत नाहीत, एवढंच.

बाबांना हे पटलं. रिक्षात ते दोनदा म्हणाले, "बघ, कारण असतंच." मग घर जवळ आल्यावर म्हणाले, "पण अनोळखी का? भरायचंच होतं तर मेंदूनं माझ्या मायला बसवायचं की."

मी लातूरला परतले. बाबा रोज दुपारी, माझ्या दोन बॅचच्या मधल्या वेळात फोन करायचे. त्यांनी एक खेळ काढला होता. आई ऐकत असली तरी तिला कळू नये म्हणून ते त्या बाईच्या जागेचा नुसता कोन सांगायचे.

"आज नऊशे चाळीस."

मी पूर्ण फेरे वजा करायची. दोन फेऱ्यांचे सातशे वीस गेले, उरले दोनशे वीस. "तिसरा चरण."

"शाब्बास."

कधी "उणे एकशे पस्तीस" म्हणायचे, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरायचं. त्यात एक फेरा मिळवला की दोनशे पंचवीस. पुन्हा तिसरा चरण. मला वाटायचं, बरं आहे, खेळतायत म्हणजे घाबरलेले नाहीत. तिकडे आई मागून ओरडायची, "त्या पोरीला आता तरी गणितं घालू नका!"

खेळता खेळता माझ्या लक्षात यायला उशीर झाला. फेरे काढून टाकले की उरणारा आकडा रोज थोडा मोठा होत होता. मी बाबांना विचारलं.

"तुला कळलं म्हणायचं. सरकून राहिली ती. उभ्या रेघेकडं."

उभी रेघ खाली कुठे जाते ते मला सांगायची गरज नव्हती. माणूस समोर बघत बसला असेल तर नजरेच्या मधोमध सरळ खाली त्याची स्वतःची मांडी असते, स्वतःचे गुडघे. दोनशे सत्तर म्हणजे तेच. आणि त्या रेघेच्या पलीकडे चौथा चरण. तिथलं बाबांना खरोखर दिसत होतं.

"रेघ वलांडली तर?" बाबा म्हणाले. "तिकडची नजर तर माझी चांगली हाय. तिथं दिसली तर मग डॉक्टरचं काय ऐकायचं?"

मी म्हटलं, तसं होणार नाही. कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक.

त्याच आठवड्यात वर्गात एक गोष्ट झाली. किल्लारीकडून रोज जीपनं येणारी एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, फारसं बोलत नाही. तास संपल्यावर ती फळ्याजवळ आली.

"मॅडम, तिसऱ्या चरणाचं एक तरी उदाहरण द्या ना."

"रोज तर देते."

"न्हाई मॅडम. या आठवड्यात एकही न्हाई आलं. तुम्ही फळ्यावर तिथं काहीच लिहून न्हाई राहिल्या."

मी वळून बघितलं. आकृत्यांनी, आकड्यांनी फळा भरला होता. वर जागा नव्हती म्हणून मी उजव्या कडेला बारीक अक्षरात कोंबून लिहिलं होतं. आणि खाली डावीकडे हिरवागार मोकळा चौकोन. खडूचा ठिपकाही नाही. मी खडू घेतला आणि त्या मुलीसाठी तिथे दोनशे चाळीसचा कोन काढला. एक रेघ ओढायची होती, पण ती ओढताना मला वाटत राहिलं की कुणाच्या तरी अंगावरून खडू फिरवतेय.

आईला शेवटी कळलंच. बाबांनी व्हरांड्यासमोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं मोठी अधिकाची खूण काढली होती, नजर एका जागी ठेवता यावी म्हणून, आणि तासन् तास तिच्याकडे बघत बसायचे. आईनं त्यांना बोलतं केलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. खाला त्या वेळी तिथेच होत्या. त्यांनीच मला नंतर सांगितलं की आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जेवलेली दिसती का ती?"

खाला बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, डरो नक्को. हमारी अम्मा के आँखाँ गये थे, तो उनकू आँगन में बाराताँ दिखते थे. रोज नवी बारात. बैठने दो उसकू. कुछ माँगती तो नै ना?"

"न्हाई, भाभी," बाबा म्हणाले. "काही मागत न्हाई."

दर्ग्यातलं पाणी आणू का, असंही त्यांनी विचारलं. बाबांनी हात जोडून नको म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. रविवारी ते कधी करत नसत, कारण मला सुट्टी असली की मीच करायची. त्यांनी आकडा सांगितला नाही.

"येतेस का?"

"काय झालं?"

"तिनं निवडायचं थांबवलंय."

मी पोचले तेव्हा डोक्यावर ऊन होतं. आई फाटकातच उभी होती. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही, म्हणाली. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर, नजर भिंतीवरच्या खुणेवर. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं बघितलं. घाबरलेला माणूस इकडेतिकडे बघतो. ते बघत नव्हते. मान इंचभरही हलवत नव्हते.

"कुठाय?" मी विचारलं.

"रेघेला टेकलीय. सूप मांडीवर. हात दाण्यांमधी तसेच. नुसती बसलीय, अन् मान जराशी अशी केलीय. कुणी हाक मारंल म्हणून आपण थांबतो न्हाई का, तशी."

त्या क्षणी मला काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणूनच मी ते केलं असेन. मी चपला काढल्या आणि त्यांच्या पुढ्यात, डाव्या बाजूला, फरशीवर जाऊन बसले. ती जिथे होती तिथेच. फरशी उन्हानं तापलेली होती. त्यांच्याकडे तोंड केलं.

"मी इथे बसलेय, बाबा. आता कोण दिसतं?"

त्यांची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर लागलेली होती.

"तीच."

"आणि मी?"

"तू न्हाई दिसत."

दारात उभ्या असलेल्या आईनं तोंडाला पदर लावला.

"बोल की काहीतरी," बाबा म्हणाले. "न्हाई, नको बोलू. तुझा आवाज तिच्यातून येऊन राहिलाय."

मी माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात माझ्या मांडीवर होते, पालथे. मला वाटलं, आता उठावं आणि आत पळावं. पण उठले असते तर बाबा एकटे राहिले असते, तिच्याबरोबर.

"बाबा, डोळे मिटा."

त्यांनी मिटले.

"आता?"

"आता कुणीच न्हाई."

"उघडा. नजर खुणेवरच ठेवा, हलवू नका. मी सरकते. जिथे दिसायला लागेन तिथे सांगा."

मी गुडघ्यांवर, बसल्या बसल्या उजवीकडे सरकायला लागले, म्हणजे त्यांच्या उजवीकडे. इंच इंच. बाबांचे गुडघे माझ्या अगदी समोर आले.

"घड्याळ दिसलं," बाबा एकदम म्हणाले. "तुझ्या मनगटातलं."

"अजून?"

"खांदा. केस. अर्धं तोंड. एकच डोळा." ते भरभर बोलायला लागले होते. "नाक आलं. आलीस. सगळी आलीस."

"आणि ती?"

समोरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली.

"तिथंच हाय. न्हाई आली. तू तिच्यातून निघून आलीस अन् ती तिथंच राहिली."

मग त्यांनी पहिल्यांदा मान खाली केली आणि माझं मनगट पकडलं, घड्याळासकट, इतकं घट्ट की पट्ट्याचा वळ उठला. आईनं पाणी आणलं. त्यांनी तांब्या रिकामा केला. मग जेवले. भाकर आईनं उजव्या बाजूला वाढली होती.

त्यानंतर कोन वाढला नाही. दुपारचे फोन येत राहिले, पण आकडे बंद झाले. विचारलं तर बाबा म्हणायचे, "हाय तिथंच," किंवा "आज दुपारपर्यंत नव्हती." मग आठवडा आठवडा नसायची. उन्हाळा लागला तसं त्यांनी स्वतःच सांगितलं की आता काही दिसत नाही, नुसतं रिकामं. काळंसुद्धा नाही. रिकामं म्हणजे कसं, ते मला सांगायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. "तुला तुझ्या पाठीमागचं कसं दिसतं? तसं," म्हणाले. डॉक्टर खूष झाले. भिंतीवरची खूण आईनं ओल्या फडक्यानं पुसून काढली.

मी मात्र वर्गात अजूनही तिसऱ्या चरणाशी जराशी अडखळते. मुलांना कळत नाही. मी दोनशेच्या पुढचा कोन घेते, रेघ ओढते आणि पटकन पुढच्या गणिताकडे जाते.

मागच्या महिन्यात मी नांदेडला गेले होते. पौर्णिमा होती. विहारातून परत येताना बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. संध्याकाळचा उजेड होता अजून. रस्त्यात कुणी ओळखीचं नव्हतं, आई खालांशी बोलत मागे राहिली होती.

"तुला एक सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "ती जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं वळली होती."

मी चालायची थांबले. "तोंड दिसलं?"

"दिसलं."

"कोण होती? ओळखीची?"

"न्हाई. मी कधी बघितली न्हाई तिला." त्यांनी थोडा विचार केला. शब्द नेमका पाहिजे असला की ते खालचा ओठ आत घेतात, तसा घेतला. "पण तिनं मला ओळखलं."

ते पुढे चालायला लागले, म्हणून मीही लागले.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? समोर माणूस ओळख दाखवून राहिलंय. मी जयभीम केला."

"आणि तिनं?"

"तिचे हात सुपात गुंतले होते," बाबा म्हणाले.